डोंगरउतारावर १० फुटांचा हिशेब चालत नाही

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक निरोप फिरतोय : "दर १० फुटांवर सिमेंटचा खांब, काटेरी तारेचे चार पदर. जमीन कसलीही असो, १५ वर्षं कुंपणाकडे बघायला नको." निफाडच्या सपाट मळ्यात हे जमेलही. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या उतारावर हा सल्ला पैसे बुडवणारा आहे.

आधी ते १० फूट. उतारावर खांबाची जागा जमीन ठरवते. खोलगटात ताणलेली तार सरळ व्हायला बघते आणि मधल्या खांबाला वर ओढते. आषाढात माती भिजली की खांब उपटून येतो, तार अधांतरी लोंबते आणि वासरू खालून सरळ भाताच्या खाचरात. आमच्याकडची जी कुंपणं सुटलेली पाहिली, ती बहुतेक खोलगटातच सुटली. म्हणून प्रत्येक उंचवट्यावर आणि प्रत्येक खोलगटात खांब हवाच, मग अंतर ६ फूट येवो की १२. खोलगटातल्या खांबाशेजारी मोठा धोंडा खोल पुरा आणि खांब तारेने त्याला आवळून टाका.

सिमेंटला माझा विरोध नाही. पण फूटभरावर मुरूम लागला की मजूर थांबतात आणि खांब तेवढाच गाडला जातो. पहारीने फोडून किमान दोन फूट खाली जा. कोपऱ्याच्या खांबावर सगळा ताण येतो, त्याला तिरका टेकू द्याच.

काटेरी तारेबद्दल मला कळकळीने सांगायचंय. डांगी गाय उतारावर घसरली की कास थेट काट्यावर जाते, आणि पावसाळ्यात त्या जखमेत किडे पडतात. खालचे पदर तरी साध्या, बिनकाट्याच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेचे ठेवा.

ओहळाचा तर निरोपात उल्लेखच नाही! इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओहळावरून कुंपण सलग नेलं तर काटक्या-पाचोळा अडकून पाणी तुंबतं आणि दोन्ही बाजूंचे खांब घेऊन जातं. दोन्ही काठांवर पक्के खांब रोवून कुंपण तिथेच संपवा. मधल्या जागेत या दोन खांबांमध्ये फक्त वर एक तार ओढून तिला बांबू टांगा, पूर आला की ते उचलले जातात. तुटलं तरी तेवढंच तुटेल.

आणि १५ वर्षं न बघता? दर पावसाळ्याआधी आणि नंतर कुंपणाकडेने एक फेरी मारावीच लागते. पहिल्या पावसात तारेलगत निरगुडीच्या काड्या खोचून द्या. गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि तार गंजेपर्यंत ती दाट झालेली असते.