परवान्याआधी पुरावा, पुराव्याआधी दंड

नव्या शहरात राहायला गेले की स्वतःच्या घरासमोरच्या रस्त्यावर गाडी उभी करण्याचा रहिवासी परवाना मिळवताना जो मनस्ताप होतो, तो मला प्रत्येक स्थलांतरात सोसावा लागला आहे आणि दर वेळी तितकाच संताप आला आहे. परवान्यासाठी गाडीची नोंदणी नव्या पत्त्यावर असावी लागते. नोंदणीवरचा पत्ता बदलायचा तर रहिवासाचा पुरावा लागतो. आणि पुरावा म्हणून जे वीजबिल मागितले जाते, ते पहिली आकारणी पूर्ण झाल्याशिवाय हाती येतच नाही. भाडेकरार दाखवावा, तर काही ठिकाणी तो एकटा पुरेसा मानला जात नाही.

या सगळ्या काळात गाडी कुठेतरी उभी करावीच लागते, आणि दंडाची पावती फाडणाऱ्याला आपला अर्ज प्रलंबित असल्याचे काहीही सोयरसुतक नसते. काही शहरे तात्पुरता परवाना देतात, हे खरे. पण मूळ अर्जाच्या निकालाआधीच त्याची मुदत संपली, तर त्याचा उपयोग काय? सर्वांत जास्त राग येतो तो याचा, की एवढे करून मिळणारा परवाना सहसा जागेची हमी देतच नाही, केवळ त्या विभागात जागा शोधण्याचा हक्क देतो. अर्ज दाखल झाल्याची पोच हीच निकाल लागेपर्यंत परवाना म्हणून ग्राह्य धरावी, एवढी साधी तजवीज करायला कोणत्याही पालिकेला नेमकी कोणती अडचण आहे, हे मला आजवर एकाही खिडकीवर कोणी सांगितलेले नाही.