फोनमध्ये ॲप नाही म्हणून निर्धास्त राहू नका

सोलापुरात नवी पेठेत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली स्क्रीन आणि बॅटरीच्या गिऱ्हाइकांबरोबर एक नवीन प्रकार सुरू झालाय. आई येते, बायको येते, कधी थोरला भाऊ येतो. फोन काउंटरवर ठेवून हळू आवाजात विचारतात, "दादा, यात जुगाराचं काही ॲप आहे का बघा की." मी बघतो. ॲप नसतं. त्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मला खरं सांगायची पंचाईत होते.

कारण खेळ ॲपमध्ये नाहीच मुळी. तो क्रोममध्ये आहे. ज्या क्रोममध्ये पोरगं निकाल बघतं, बाप कांद्याचा भाव बघतो, त्याच क्रोममध्ये.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैशावरचे ऑनलाइन खेळ बंद. रमी आणि क्रिकेट टीमवाल्या मोठमोठ्या ॲपनी त्याच महिन्यात पैशाचे खेळ गुंडाळले. तेव्हापासून आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज झालाय की विषय संपला. संपला नाही. जे कायद्याला भिऊन होते ते थांबले. जे परदेशात बसून साइट चालवत होते त्यांनी फक्त पत्ता बदलला. सरकार एक साइट ब्लॉक करतं, त्याच नावापुढे एक आकडा लावून दुसरी उघडते, आणि नवी लिंक टेलिग्रामवर येऊन पडते. प्ले स्टोअरची गरजच नाही. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पत्त्यांचं टेबल, फिरणारी चक्रं, उडणारं विमान, सगळं चालतं. रूलेटचं, म्हणजे आकड्यांवर पैसे लावायचं चाक तर खरंच फिरतं. युरोपात लॅटव्हियाच्या रिगा शहरात असे मोठे स्टुडिओ आहेत, तिथून लाइव्ह व्हिडिओ येतो, हिंदी बोलणारी डीलरसुद्धा असते. ती "वेलकम भैया" म्हणते आणि आपल्या इथला पोरगा साखर पेठेतल्या घराच्या जिन्यात बसून शंभर रुपये लावतो.

आता घरच्यांना हे का दिसत नाही ते सांगतो. इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमची गुप्त खिडकी, उघडलं की हिस्टरी राहत नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. दुसरं, क्रोममध्ये "होम स्क्रीनवर जोडा" असा पर्याय असतो. तो दाबला की साइटचं चिन्ह ॲपसारखं समोर येऊन बसतं. पुष्कळ साइट अशा उघडल्या की वरची पत्त्याची पट्टीही दिसत नाही. त्या चिन्हाला नाव काय द्यायचं ते बऱ्याचदा आपल्या हातात असतं. मी "नोट्स" नाव पाहिलंय, "अभ्यास" पाहिलंय, एका फोनवर तर "श्री सिद्धेश्वर" होतं. त्यावर मी काय बोलणार.

पण एक गोष्ट लपत नाही. साइट पहिल्यांदा उघडताना "नोटिफिकेशन पाठवू का" असं विचारते आणि माणूस सवयीनं "अलाव" दाबतो. मग पहाटे दोनला फोन उजळतो. "तुमचा बोनस आज रात्री संपतोय." "शेवटचे वीस मिनिट." लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात, फोनमध्ये व्हायरस आलाय, सारख्या जाहिराती येतात. व्हायरस-बियरस काही नसतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन, आणि तिथं परवानगी दिलेल्या साइटची यादी. ती यादी वाचली की फोनवाल्याची रात्र कशी जाते ते कळतं. मी ती मोठ्यानं वाचत नाही.

काही शहाणे म्हणतात, जुगार काय आजचा आहे का? मटका नव्हता सोलापुरात? होता की. आणि मटक्याचं मूळ तरी कशात? कापसात. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीला उघडला आणि कितीला बंद झाला यावर मुंबईत पैसे लागायचे, त्यातून पुढं मटका आला. कापसावरच वाढलेल्या आपल्या गावात तो रुजला नसता तरच नवल. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णूचे भोंगे वाजत होते तेव्हाही होता, भोंगे बंद पडल्यावरही राहिला. मी मटक्याची बाजू घेत नाही. पण हिशेब करून बघा.

मटक्यात सिंगल आकड्याला जुना भाव दहाला नव्वद. आकडे दहा. म्हणजे शंभर रुपये लावले की सरासरी दहा रुपये बुकीचे. रूलेटच्या युरोपियन चाकावर घरं सदतीस, आणि नंबर लागला तर लावलेला धरून छत्तीसपट परत. म्हणजे शंभराला साधारण पावणेतीन रुपये कॅसिनोचे. कागदावर रूलेट मटक्यापेक्षा कितीतरी स्वस्त! हे गणित मला एका इंजिनिअरिंगच्या पोरानं सांगितलं होतं, मोठ्या ऐटीत. गणित बरोबरच होतं त्याचं, फक्त घड्याळ विसरला होता.

मटक्यात ओपन, म्हणजे पहिला आकडा, लागला की क्लोजची, म्हणजे दुसऱ्या आकड्याची, वाट बघावी लागायची. मधे काही तास जायचे. माणूस घरी जायचा, जेवायचा, बायकोच्या शिव्या खायचा. रूलेटचं चाक मिनिटाला एकदा फिरतं असं धरा. तासात साठ डाव. प्रत्येकी शंभर लावले तर सहा हजारांची उलाढाल, आणि पावणेतीन टक्क्यांनी एकशेसाठच्या आसपास गेले. तेच शंभर दिवसातून दोनदा मटक्यावर लावले तर सरासरी वीस जातात. चक्रीचं, म्हणजे बटण दाबून चक्रं फिरवायच्या खेळाचं, तर विचारूच नका. तिथं साइट अभिमानानं लिहिते, आम्ही ९६ टक्के परत देतो. लोकांना वाटतं शंभर घातले की शहाण्णव हमखास मिळणार. तसं नसतं हो. प्रत्येक वेळी बटण दाबलं की सरासरी चार टक्के कापले जातात, आणि उरलेले तुम्ही पुन्हा लावता, त्यातले पुन्हा चार. दहा रुपयांचा एक स्पिन, मिनिटाला दहा, तासाला सहाशे. सहा हजार फिरले, दोनशे चाळीस गेले. खिशात घेऊन बसला होता पाचशे. आणि हे सगळं साइट प्रामाणिक आहे असं धरून. आतलं सॉफ्टवेअर खरं की नक्कल केलेलं, हे सोलापुरात बसून कोण तपासणार?

बोनसचं असंच. समजा पाच हजारांचा बोनस दिला आणि बारीक अक्षरात अट घातली, चाळीसपट खेळल्याशिवाय काढता येणार नाही. चाळीसपट म्हणजे दोन लाख रुपयांचे डाव. चार टक्क्यांनी आठ हजार. पाच मिळवायला आठ घालवायचे. आपला कुठलाही चादरीचा व्यापारी हा सौदा ऐकून समोरच्याला दुकानातून हाकलून देईल, पण रात्री दोनला त्याचाच मुलगा तो सौदा करतो.

जिंकणारे असतात, नाही असं नाही. जिंकला की स्क्रीनशॉट सगळ्या ग्रुपवर फिरतो. हरलेला हिस्टरी पुसतो. त्यामुळं गल्लीत सगळे जिंकतातच असं वाटतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली. पैसे जातात कसे आणि येतात कसे.

या साइटवर खेळायला "आयडी" लागते. आयडी व्हॉट्सॲपवर मिळते, देणारा ओळखीतल्याच कुणाच्या तरी ओळखीचा असतो. पैसे भरायला गेलात की एक क्यूआर येतो, खाली दहा मिनिटांचं घड्याळ उलटं चालू. क्यूआर स्कॅन केला की समोर कुठल्या कंपनीचं नाव येत नाही. कुणीतरी ट्रेडर्स, कुठलं तरी किराणा, किंवा सरळ एखाद्या बाईचं नाव. पुढच्या वेळी नाव वेगळं. पैसे गेले की यूपीआयचा बारा आकडी नंबर साइटवर टाकायचा, मग तुमच्या आयडीत पॉइंट दिसतात. ते नाव ज्या बाईचं आहे तिला बहुतेक वेळा पत्ताही नसतो. तिचं खातं भाड्यानं घेतलेलं असतं. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम, असा सेट महिन्याच्या भाड्यानं जातो. कॉलेजची पोरं स्वतःचं देतात, नंतर आईचं देतात. "काका, नुसतं खातं वापरायला दिलंय, मी कुठं जुगार खेळलो?" असं मला एकानं विचारलं. पोरगा गुणाचा आहे. पण नवीन कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पैशाचे व्यवहार करून देणाऱ्याला मात्र तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. त्याला वाटलं काका घाबरवतायत.

त्याच खात्यांतून फसवणुकीचा पैसाही फिरतो. कुठं तरी दुसऱ्या राज्यात कुणाला तरी डिजिटल अरेस्टच्या नावाखाली लुटलं, त्यानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती खाती एकामागून एक गोठवली जातात. तुम्ही रूलेटमध्ये चार हजार जिंकलात आणि "विड्रॉल" घेतला, तो अशाच एका खात्यातून आला असेल तर तुमचंही खातं अडकतं. आणि तुम्ही त्यातले हजार रुपये टॉवेलच्या दुकानात दिले असतील तर त्या दुकानदाराच्या दारातही साडेसाती. अशोक चौकाकडचे एक अण्णा माझ्या चांगले ओळखीचे. उभ्या आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही. त्यांचं चालू खातं असंच गोठलं. यंत्रमागाच्या कामगारांचा आठवड्याचा पगार त्यातूनच व्हायचा. बँकेत गेले तर बँक म्हणते, आमच्या हातात नाही, त्या राज्यातल्या पोलिसांशी बोला. अण्णांना तेलुगू येतं, कन्नड येतं, मराठी येतं, आणि पत्र आलं होतं गुजरातमधून. शेवटी सुटलं खातं, पण मधल्या काळात कामगारांचे पगार व्याजानं पैसे काढून भागवले.

म्हणून "ज्याचा पैसा त्याचा नाद, तुम्हाला काय करायचंय" हे वाक्य मला आता चालत नाही. ज्यानं कधी खेळ उघडलाही नाही त्याच्यापर्यंत हे पोचतं. बायकोच्या नावावर काढलेल्या ग्रुप लोनचंच बघा. विडीच्या कारखान्यात दिवसभर बसणारी बाई हप्ता भरते, आणि कर्जाची रक्कम गेली कुठं हे तिला हप्ता थकल्यावर कळतं. ग्रुपमधल्या बाकीच्या बायका दारात येतात तेव्हा.

बंदी कशाला, टॅक्स लावा आणि मोकळं करा, असंही काही जण म्हणतात. टॅक्स लावून झाला की. ऑक्टोबर २०२३ पासून खेळायला भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, त्याआधी एप्रिलपासून जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस. परदेशातली साइट यातलं काय भरते? उलट "आमच्याकडे टॅक्स नाही" हीच तिची जाहिरात. आणि गोव्याचं उदाहरण देऊ नका. मांडवी नदीवरच्या कॅसिनोच्या जहाजात खेळायचं तर गोव्याला जावं लागतं. आता आपल्याकडून विमान आहे, मान्य. तरी तिकीट काढावं लागतं, घरी काहीतरी सांगून निघावं लागतं, प्रवेशाचे पैसे भरावे लागतात आणि जहाजातून उतरावं लागतं. फोनमधल्या कॅसिनोतून उतरायला जागाच नाही. बाय द वे, महाराष्ट्रात १९७६ चा एक कॅसिनो कायदाही पुस्तकात पडून होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. म्हणजे आपल्याकडे कॅसिनो कायदेशीर कधीच नव्हता. "आमच्याकडे लायसन्स आहे" असं साइटच्या तळाशी लिहिलेलं असतं ते कुठल्यातरी कॅरिबियन बेटाचं, कुरासाव वगैरे. त्याला सात रस्त्याच्या पलीकडं किंमत नाही, अलीकडंही नाही.

मला सगळ्यात जास्त राग आपल्या रीलवाल्यांचा येतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहून, गड्ड्याच्या यात्रेची रील टाकता टाकता मधेच "भावांनो, बायोमधली लिंक बघा". जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, हे त्याच कायद्यात लिहिलंय. यांना माहीत नाही असं नाही, स्टोरी चोवीस तासांत जाते म्हणून बिनधास्त असतात. पण स्क्रीनशॉट राहतो. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून सायबर पोर्टलवर तक्रार करा, शेजारचा असला तरी.

बाकी एक काम आजच करा. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते. घरात संशय असेल तर भांडण करण्याआधी ती कमी करा, पोराला समोर बसवून, त्याच्याच हातानं. कुणाला खातं वापरायला दिलं असेल तर उद्या बँकेत जाऊन ते बंद करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि क्रोमची ती नोटिफिकेशनची यादी सापडत नसेल तर फोन घेऊन दुकानात या, गुरुवार सोडून. त्याचे मी पैसे घेत नाही. पासवर्ड मात्र मला सांगू नका, स्वतः टाका.