मशीनला पोलिस, मला सतरंजी

निवडणुकीची ड्यूटी मिळावी म्हणून कुणी अर्ज करत नाही. ती कटावी म्हणून मात्र अर्जांचे गठ्ठे पडतात. 2022 साली इंदूर महानगरपालिकेच्या निवडणुकीचे आदेश शाळेत आले आणि आमच्या स्टाफरूममध्ये कंबरदुखीची साथ पसरली. आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत उभ्याउभ्या भुट्ट्याचा कीस हाणणाऱ्यांना पाच मिनिटं उभं राहवेना. माझी कंबर दुर्दैवाने शाबूत, म्हणून मी पीठासीन अधिकारी, म्हणजे मतदान केंद्राचा प्रमुख. मानधन मिळतं हो, नाही असं नाही. पण त्या रकमेत ड्यूटीनंतरचा बाम तेवढा येतो.

6 जुलैला मतदान, त्यामुळे 5 तारखेला नेहरू स्टेडियमवर सामान घ्यायला रांग. महापौर आणि पार्षद म्हणजे नगरसेवक, अशा दोन पदांसाठी मतदान, शिवाय मशीनसोबत एक थैली: मेणबत्ती, लाख, सुतळी, ब्लेड, टाचण्या, शाईची बाटली आणि लिफाफ्यांत लिफाफे. रुखवताची भांडीसुद्धा कुणी इतक्या संशयाने मोजत नाही.

रात्री केंद्रावर मशीनच्या खोलीबाहेर बंदूकधारी जवान. मशीनला डास चावत नाहीत, तरी पहारा तिला. आम्हाला पहिलीच्या वर्गातली सतरंजी, तीही मधोमध विरलेली.

पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे तालमीचं मतदान, मग सीलबंदी. ही खरी परीक्षा. मेणबत्ती विझू नये म्हणून पंखा बंद करायचा. पंखा बंद म्हणून घाम. घाम टॅगवर ठिबकला की आत्ताच केलेली सही पसरते. वितळलेली लाख सुतळीच्या गाठीवर पडायच्या आधी अंगठ्यावर पडते आणि त्याच अंगठ्याने मोहर दाबायची असते. एवढं झाल्यावर आमच्यातल्या एका अस्सल इंदुरी सहकाऱ्याला प्रश्न पडला, लाखेचे तुकडे ओल्या कचऱ्यात टाकायचे की सुक्या? सात वाजायला आले होते, दारात रांग लागली होती आणि त्यावर चर्चा झाली.

मतदारांत आमच्या गल्लीतल्या आजी आल्या.

"दोन-दोन मतं कशाला रे? एकात भागत नाही?"

"एक महापौरांना, एक पार्षदाला, आजी."

"महापौर कशाला मला भेटतोय! पार्षद दिसू दे, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड का, ते विचारते." मग शाईवाल्याला डावी तर्जनी दाखवत म्हणाल्या, "नखावर नको हं, भिशीला जायचंय." ही शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते, 1962 पासून देशभर लागते, हे मी भक्तिभावाने सांगितलं. "मग नेलपॉलिशवाल्यांना का नाही देत?" म्हणाल्या. मी पीठासीन अधिकारी होतो, गप्प बसलो.

पाच वाजता दार बंद, रांगेतल्यांना चिठ्ठ्या, आणि मग कागद. रजिस्टरमधला आकडा मशीनशी जुळला तेव्हा आम्ही चौघं एकमेकांकडे सोयरीक जमल्यासारखे हसलो.

रात्री स्टेडियमवर जमा करणाऱ्या बाबूने मशीन दोन्ही हातांनी अलगद उचलून घेतलं. मला म्हणाला, "जरा बाजूला." लिफाफ्यांवर खूण झाली, मोहरेवर खूण झाली. मग त्याने यादीवरून बोट फिरवलं.

"उरलेली मेणबत्ती?"

"संपली."

"तसं लिहून द्या."

मी लिहिलं, 'मेणबत्ती कर्तव्य बजावताना कामी आली.' त्याने वर न बघता शिक्का मारला.