हँडिकॅप म्हणजे सरासरी नव्हे

'हँडिकॅप 18 असलेल्याने पार 72 च्या कोर्सवर साधारण दर वेळी 90 मारायला हवेत,' हे तुमच्या गोल्फवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. (पार म्हणजे कोर्स पुरा करायला अपेक्षित फटके, हँडिकॅप म्हणजे त्यावर खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट.) आम्ही क्रिकेटवाल्या विजय हजारेंच्या सांगलीचे, सरासरी म्हणजे काय ते लहानपणापासून कळतं. हँडिकॅप ही सरासरी नव्हेच! 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या 20 राउंडपैकी सगळ्यात चांगले 8 घेतात आणि त्यांचीच सरासरी काढतात. उरलेले 12 हिशेबातच नाहीत. त्या 8 मधलेही निम्मेअर्धे सरासरीपेक्षा जास्त फटक्यांचेच असणार. मग चार-पाच राउंडमागे एखादा हँडिकॅपइतका झाला तरी आपलं बरं चाललंय म्हणायचं. एरवी दोन-चार फटके जास्त लागतातच.

मी स्वतः 18 वाला. महिन्यातून एकदा पहाटे सांगली सोडून पुण्याला खेळायला जातो (घरचे याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही). मागच्या पाच खेपा: 94, 97, 92, 89, 95. त्या 89 च्या दिवशी सतराव्या होलवर चेंडू झाडाच्या बुंध्यावर आपटून ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) आला होता, आणि तेवढाच राउंड मी सगळ्यांना सांगत फिरतो. लेखातल्या हिशेबाने मी पाचात चार वेळा नापास. आणि हो, कोर्सचं रेटिंग आणि स्लोप (कोर्स किती अवघड ते सांगणारे आकडे) बदलला की त्या दिवशी मिळणारे फटकेही बदलतात, हे लेखात कुठेच नाही. नवीन पोरं हे वाचून उगाच खट्टू होतील, तेवढं वाक्य दुरुस्त करा.