काका, तुमचे दोन डोळे आणि माझा लायडार

काका,

(सही 'एक निवृत्त एसटी चालक' अशी आणि मला हाक 'बाळा' अशी, तेव्हा काका म्हणायला हरकत नसावी.)

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्वतः चालणाऱ्या गाडीला कॅमेऱ्याच्या जोडीला लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) आणि रडार (तेच काम रेडिओ लहरींनी करणारं) दोन्ही हवेत, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर काका म्हणतात, 'मी दोन डोळ्यांवर तीस वर्षं एसटी चालवली, टेस्लावालेही कॅमेऱ्यावरच भागवतात, मग हा लेझरचा थाट कशाला?' शिवाय 'लायडारला धुक्यातही दिसतं, ही शुद्ध थाप', आणि 'आपल्याकडे हे येणारच नाही, तर लिहितोस कुणासाठी?' लायडारवाल्यांकडून कमिशन किती मिळतं, असंही विचारलंय. शून्य.

धुक्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. लायडार लेझरचा क्षणभराचा झोत फेकतो, तो कशावर तरी आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे १५० मीटरवरच्या ट्रकला शिवून यायला त्याला एक मायक्रोसेकंद पुरतो. पण शेवटी तो प्रकाशच. खंडाळ्याच्या धुक्यात तुमच्या हेडलाइटचं जे होतं तेच त्याचंही होतं, थेंबाथेंबावर विखरून जातो. मला 'अंधारातही' लिहायचं होतं, लिहिण्याच्या भरात 'अंधारात-धुक्यातही' झालं. वाक्य दुरुस्त केलंय. धुक्यात निभावतं ते रडार. ७७ गिगाहर्ट्झला त्याची लहर जवळपास ४ मिलिमीटरची असते, तिच्यापुढे धुक्याचा कण खिजगणतीतही नसतो. मात्र पुढे काहीतरी आहे आणि ते इतक्या वेगाने जवळ येतंय, एवढंच ते चोख सांगतं. ती म्हैस आहे की मारुती, हे त्याला विचारू नये.

लायडार फसतो याचा पुरावा तर माझ्या घरातच लोळतोय. फरशी पुसणारा एक रोबो आणलाय, त्याच्या डोक्यावर छोटासा फिरता लायडार आहे. पहिल्याच दिवशी त्याने घराचा नकाशा बनवला, तर त्यात एक बेडरूम जास्तीची! कपाटाला पायापर्यंत आरसा आहे. लेझर आरशावरून उडून समोरच्या भिंतीवर जातो आणि त्याच वाटेने परत येतो. रोबोच्या हिशोबात ती भिंत आरशाच्या पलीकडे. दोन दिवस हा प्राणी त्या भुताटकीच्या खोलीत शिरायला बघत होता आणि कपाटाला ढुशा देत होता. शेवटी आरशाच्या खालच्या बाजूला वीतभर कागद चिकटवला, तेव्हा शहाणा झाला. बायको अजून त्या खोलीचं भाडं मागते.

आता दोन डोळ्यांचं. काका, रागावू नका, पण तुम्ही फक्त दोन डोळ्यांवर गाडी चालवली हे मला मान्य नाही. स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवत 'येऊ द्या, येऊ द्या' करायचा, तो कोण होता? घाट उतरताना ब्रेकच्या लायनरचा जळका वास आला की तुम्ही गिअर खाली टाकायचात, ते नाकाने. वळणापलीकडचा हॉर्न कानाने, टायर बसायला लागला की स्टिअरिंगच्या ओढीने. म्हणजे तुमच्याकडेही चार-पाच सेन्सर होते आणि त्यातला एक महामंडळाच्या पगारावर होता! शिवाय डोळा चुकला तर कान सावरायचा, दोघं एकाच वेळी एकाच कारणाने चुकण्याची शक्यता कमी. माझं म्हणणं एवढंच आहे. कॅमेरा ऊन डोळ्यावर आलं की दिपतो, लायडार आरशाला आणि धुक्याला फसतो, रडारला आकार कळत नाही. प्रत्येकाचं दुखणं निराळं, म्हणूनच ते एकत्र हवेत.

डोळे कुठे कमी पडतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. रात्रीचा एक्सप्रेसवे, बंद पडलेला ट्रक, मागचा लाइट गेलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ४२ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला पुढे आणखी पंचावन्नेक. आणि डिप केलेल्या लाइटचा झोत पोचतो साधारण ५०-६० मीटर. हिशोब जुळत नाही. लायडार स्वतःचा प्रकाश घेऊन फिरतो, त्याला तो ट्रक हेडलाइटचा झोत पोचण्याच्या कितीतरी आधी सापडतो. पुष्कळ गाड्यांमधलं साधं रडार इथे गप्प बसतं, कारण थांबलेल्या वस्तू मुद्दाम गाळायला शिकवलेलं असतं. नाहीतर प्रत्येक कमानीला आणि कठड्याला गाडी ब्रेक मारेल.

टेस्लाने २०२१ पासून अमेरिकेतल्या गाड्यांतून रडारही काढायला सुरुवात केली, हे तुमचं बरोबर. पण २०१६ मध्ये फ्लोरिडात त्यांची एक गाडी आडव्या जाणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि चालक गेला. उजळ आकाशापुढे ट्रेलरची पांढरी बाजू गाडी हाकायला मदत करणाऱ्या ऑटोपायलटलाही दिसली नाही आणि चालकालाही नाही, असं तेव्हा कंपनीनेच म्हटलं होतं. हे वाक्य मला विसरता येत नाही. माणसाच्या डोळ्यासारखंच बघायचं ठरवलं, तर माणसाच्या डोळ्यासारखंच हुकणार. किमतीचा मुद्दा आता राहिलेला नाही. व्हेलोडाइन कंपनीचा तो ६४ लेझरवाला सुरुवातीचा लायडार ७५,००० डॉलरच्या घरात होता. चीनच्या हेसाई कंपनीने २०२४ मध्ये २०० डॉलरच्या आतला जाहीर केला.

पण एका जागी तुम्ही जिंकता, आणि ते तुम्हाला स्वतःलाही लक्षात आलेलं दिसत नाही. मार्च २०१८, ॲरिझोनातलं टेंपी, रात्रीची वेळ. एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. उबरच्या चाचणीच्या गाडीवर रडार होतं, लायडार होता, कॅमेरे होते. धडकेच्या ५.६ सेकंद आधी तिची चाहूल लागली होती. अमेरिकेच्या परिवहन सुरक्षा मंडळाचा अहवाल वाचताना हात गार पडतात. सॉफ्टवेअर तिला कधी वाहन म्हणतं, कधी 'इतर', कधी सायकल, आणि दर वेळी नाव बदललं की आधीची हालचाल विसरतं. त्यामुळे ती कुठे चाललीय याचा अंदाजच बांधला गेला नाही. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही कल्पनाच त्यात घातलेली नव्हती. आपल्याकडे शाळकरी पोरालाही हे सांगावं लागत नाही. दिसलं सगळं, उमगलं काही नाही. गाडीवर दहा लायडार बसवले असते, तरी फरक पडला नसता. मागच्या लेखात हे यायला हवं होतं, नाही आलं.

राहिला 'इकडे येणार नाही'चा मुद्दा. बिनचालकाची गाडी भारतात येऊ देणार नाही, चालकांच्या नोकऱ्या जातील, असं गडकरी पुन्हा पुन्हा सांगत आलेत, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण सेन्सर मागच्या दाराने केव्हाच आलेत. २०२१ मध्ये आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलमध्ये रडार आणि कॅमेरा आहे, ती स्वतः ब्रेक मारते. आता प्रश्न समोरचं ओळखण्याचा. ज्या चित्रांवर जगभरची सॉफ्टवेअरं शिकतात, त्यातला सिटीस्केप्स नावाचा प्रसिद्ध संच मुख्यतः जर्मन शहरांतला. त्यात रिक्षाला वेगळा कप्पाच नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांवरची दहा हजार चित्रं गोळा करून २०१८ मध्ये वेगळा संच काढला, त्यात रिक्षाही आहे आणि जनावरंही. हे काम कुणासाठी, तर रिक्षात आणि रिक्षासमोर असणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी. मीही त्यांच्यासाठीच लिहितो.

आता माझा एक प्रश्न. ट्रक बंद पडला की ड्रायव्हर मागे दगड मांडतात आणि झाडाची फांदी खोचतात. रिक्षा ओळखणाऱ्या त्या संचातही 'फांदी म्हणजे पुढे बंद गाडी' असा कप्पा नाही, लायडारला तर ते झुडूपच. तुम्हाला ती फांदी रात्री किती लांबून कळायची? आणि कळायची कशी, पानं लाइटमध्ये हलायची म्हणून, की रस्त्याच्या मधोमध झाड उगवत नाही म्हणून? सविस्तर लिहा, वाट बघतो.