मेलिनाने नाटक सोडलंच नाही

ग्रीसच्या मेलिना मर्कूरीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘ती नटी ना, पुढे मंत्री झाली ती!’ हे ‘पुढे’ मला खटकतं. जणू नाटक मागे टाकून ती गेली. माझ्या मते तिने नाटक कधी सोडलंच नाही.

१९२० साली अथेन्सला जन्म. आजोबा शहराचे महापौर, म्हणजे राजकारण घरातच. १९५५चा ‘स्टेला’ हा पहिला चित्रपट. १९६०च्या ‘नेव्हर ऑन संडे’साठी कान चित्रपट महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार. त्यातली पिरेअस बंदरावरची वेश्या इलिया ग्रीक शोकांतिका बघते आणि सांगते, शेवटी सगळे समुद्रावर फिरायला जातात. पोटच्या मुलांना मारणारी मेडिआसुद्धा! लोक हसतात, माझे डोळे भरून येतात. त्या घोगऱ्या आवाजात ते खोटं वाटतच नाही.

एप्रिल १९६७मध्ये ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘नेव्हर ऑन संडे’च्याच कथेवरचं संगीत नाटक करत होती. गप्प राहिली असती तर सुखात राहिली असती. पण ती बोलली, आणि राजवटीने तिचं नागरिकत्व काढून घेतलं. गृहमंत्री पातकोसला तिचं उत्तर: ‘मी ग्रीक म्हणून जन्मले, ग्रीक म्हणूनच मरेन. पातकोस फॅसिस्ट म्हणून जन्मला, फॅसिस्ट म्हणूनच मरेल.’ मोठ्याने म्हणून बघा. वाक्य कुठे तोलायचं आणि घाव कुठे घालायचा, हे रंगभूमीवर मुरलेल्या बाईलाच कळतं.

१९७४ला राजवट कोसळली, ती परतली. १९७७ला खासदार झाली, तीही पिरेअसमधूनच! १९८१ला सांस्कृतिक मंत्री. पुढच्याच वर्षी मेक्सिको सिटीत युनेस्कोच्या परिषदेत तिने पार्थेनॉनची, म्हणजे अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्या प्राचीन मंदिराची शिल्पं परत मागितली. लॉर्ड एल्गिन या इंग्रजाने ती नेली होती, ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १९८६ला ऑक्सफर्डमध्ये तिने ठणकावलं, ‘एल्गिन मार्बल्स’ असं काही नाहीच, ती पार्थेनॉनची शिल्पं आहेत. आधी नाव परत घेतलं. लंडनकडून उसनी देण्याची भाषा होते, ग्रीस ती मानत नाही. उसनं घेतलं की मालकी कबूल केल्यासारखं होतं. २०२४ला साताऱ्यात वाघनखं आली तीही तीन वर्षांच्या बोलीवर. आनंद झालाच, पण मेलिना आठवली आणि आत काहीतरी टोचलं.

६ मार्च १९९४ला ती न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाने गेली. शिल्पं आली नव्हती. २००९ला अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी नवं संग्रहालय उघडलं. वरच्या मजल्यावर उरलेल्या पिवळसर मूळ शिल्पांच्या शेजारी, लंडनमध्ये असलेल्यांच्या जागी, पांढऱ्याफटक प्लास्टरच्या प्रती लावल्या आहेत. लांबूनच दिसतं, कुठलं घरी आहे आणि कुठलं नाही.