महापौर व्हायचंय? मग एवढं वाचून घ्या

महापौर व्हायचंय ना, मग पहिलं काम, कामबिम डोक्यातून काढून टाका. पद कुठल्या प्रवर्गाला जाणार याची सोडत मुंबईत निघते आणि तुम्ही वीस वर्षं वॉर्डात तुंबलेली गटारं मोकळी करत फिरला असलात तरी चिठ्ठी भलतीच निघाली की विषय संपला. म्हणून वहिनींना आधीच नगरसेवक करून ठेवा. महिलेसाठी निघालं तर सही त्यांची, शेजारची खुर्ची तुमची, आणि पेपरवाले 'महापौरपती' लिहितात ते मनाला लावून घेऊ नका, बिनपगारी पद आहे असं समजायचं.

मग आकडा. महापौर नगरसेवक हात वर करून निवडतात, तेव्हा ते हात आधीच गाडीत घालून रिसॉर्टवर नेऊन ठेवा, मोबाईल काढून घ्या, कुणी विचारलं तर देवदर्शनाला गेलेत. पक्षांतरबंदीचा १९८६ चा कायदा नगरसेवकांनाही आहे म्हणे, पण त्याचा निकाल लागेपर्यंत टर्म निघून जाते. टर्म अडीच वर्षांची, त्यातही सव्वा-सव्वा वर्ष वाटून घ्यायचं ठरतं. ठरवा बिनधास्त! राजीनाम्याची तारीख जवळ आली की बीपी वाढवून घ्यायचं, बाकी पक्षश्रेष्ठी बघतील.

आता खुर्चीत बसलात. लाल दिवा २०१७ पासून गेला, पण गाऊन आहे, गळ्यात चेन आहे, प्रथम नागरिक म्हणतात. अधिकार? ते सोडून बोला. १९४९ च्या महापालिका कायद्यानं कारभार आयुक्तांच्या हातात, आयुक्त सरकार पाठवणार, टेंडरं स्थायी समितीत, तिथं सोळा मेंबर आणि दरवर्षी निम्मे बाहेर, म्हणजे नंबर सगळ्यांचा लागतो. तुमच्याकडं महासभा. तिथं आरडाओरडा झाला की सभा तहकूब करायची, मतं समसमान झाली तर एक जादा मत टाकायचं, आणि एवढं करून जो ठराव होईल तो आयुक्तांना नाही पटला तर ते शासनाकडं धाडणार, तिथं कलम ४५१ खाली विखंडित, म्हणजे रद्द! वाईट वाटून घेऊ नका, खड्डा पडला तर तुमचं नाव येत नाही हाच तर या पदाचा खरा फायदा. भाषणात मात्र ७४ वी घटनादुरुस्ती, सत्तेचं विकेंद्रीकरण वगैरे घ्यायचंच, चांगलं वाटतं ऐकायला.

खरी कला 'आयत्या वेळच्या विषयां'ची. विषयपत्रिकेवर नसलेलं काय काय असतं ते सभेच्या शेवटी, अर्धे लोक बाहेर चहाला गेलेले असताना, एका दमात वाचायचं आणि मंजूर म्हणायचं. काय मंजूर झालं ते इतिवृत्त आल्यावर कळतं. कधी कधी तुम्हालाही तेव्हाच.

एक गोष्ट चुकूनही बोलू नका. २०२२ पासून कित्येक महापालिकांत प्रशासक बसले, बरीच वर्षं महापौर नावाचा माणूसच नव्हता, आणि नळाला पाणी यायचं तेवढंच येत राहिलं. हे मतदारांच्या लक्षात आलेलं नाही, येऊ पण देऊ नका.

टर्म संपली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही परत साधे नगरसेवक. लगेच उठून पाण्यावर जाब विचारायला सुरुवात करा, कागद भिरकवा, राजदंड हाताला लागला तर पळवा. कुणी म्हणालंच की साहेब तुम्ही महापौर होतात तेव्हा का नाही केलं, तर सांगायचं, आयुक्त ऐकत नव्हते. अडीच वर्षांत पहिल्यांदा खरं बोललात, पण विश्वास कुणी ठेवणार नाही.